बाईंनी धरलेला रंग

हॉलचा रंग हेडक्लार्कांनी निवडावा, असं बाईंनी एका रविवारी सकाळी चहा पिता पिता जाहीर केलं, आणि हेडक्लार्कांना असा ठसका लागला की अर्धा चहा बशीत आणि उरलेला पायजम्यावर गेला.

ठसका लागण्याजोगीच गोष्ट होती. हेडक्लार्क पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात होते. तिथे त्यांच्या सहीशिवाय कुणाच्या नळाला थेंब सुटत नसे, पण लग्न झाल्यापासून घरात त्यांनी एकही वस्तू निवडलेली नव्हती. पडदे बाईंनी निवडले, भांडी बाईंनी निवडली, हेडक्लार्कांचे शर्टसुद्धा बाईच निवडत. (हेडक्लार्कांनाही बाईंनीच निवडलं होतं, असं त्यांचे सासरे सांगत. त्यावर हेडक्लार्क म्हणत, म्हणजे बघा, हिची निवड किती चांगली असते. त्यावर बाई खिडकीबाहेर बघत.)

बाई शाळेत भूगोल शिकवत. सध्या त्यांच्यासमोर परीक्षेच्या पेपरांचा डोंगर होता. उत्तर ध्रुवावर उंट चरवणाऱ्या मुलांना मार्क द्यायचे की नाही, या विवंचनेत असताना त्यांना भिंतींकडे बघायला फुरसत नव्हती.

"हॉल तुमच्याकडे," त्या म्हणाल्या. "मी मध्ये तोंड घालणार नाही. एकदा लागला की लागला, नंतरही चकार शब्द काढणार नाही. पण एक सांगून ठेवते. फसलात, तर पुन्हा या घरात चमचासुद्धा निवडायला मिळणार नाही."

"फसतोय कशाला?" हेडक्लार्क पायजमा पुसत म्हणाले. त्यांना तर आत्ताच उठून नाचावंसं वाटत होतं. इतक्या वर्षांनी संधी आली होती. घराला आपलीही काही आवड असते, हे दाखवून द्यायचंच, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

पडत्या फळाची आज्ञा घेऊन ते तसेच रंगाच्या दुकानात गेले आणि शेड कार्ड घेऊन आले. त्या दिवसापासून ते कार्ड त्यांच्या काखेतून सुटेना. त्यात पांढऱ्यातच इतके प्रकार होते की आजवर आपण पांढरं म्हणून जे बघत आलो ते नक्की काय होतं, असा त्यांना प्रश्न पडला. शिवाय नावं. मातकट रंगाचं नाव होतं 'सायलेंट डॉन' आणि त्याहून जरा जास्त मातकट रंगाचं नाव 'मेमरी ऑफ सिल्क'. "अहाहा, मेमरी ऑफ सिल्क," हेडक्लार्क जेवता जेवता मोठ्यानं वाचून दाखवत आणि त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी छकुली आपल्या ताटावरून ते कार्ड बाजूला सारत असे.

ऑफिसात तर कामकाजाचे बारा वाजले. हेडक्लार्क ते कार्ड 'तातडीचे' असं लिहिलेल्या फाइलमध्ये घालून नेत. एकदा एक गृहस्थ नळाला पाणी नाही म्हणून तक्रार घेऊन आले. हेडक्लार्कांनी त्यांना खुर्ची दिली, जे त्या ऑफिसात पूर्वी कधी घडलं नव्हतं.

"बसा. नळाचं बघू आपण. आधी मला सांगा, हा पिवळा खोलीत अंगावर येईल का?"

गृहस्थांनी कार्ड उन्हाकडे धरून बराच वेळ पाहिलं. "साहेब," ते म्हणाले, "तुम्ही पाणी सोडा, मी स्वतः येऊन तुमचा हॉल रंगवून देतो."

कॅशिअरचं म्हणणं पडलं की फिकट रंग घ्यावा, खोली मोठी दिसते. मग दुपारी तेच कॅशिअर म्हणाले की गडद घ्यावा, डाग दिसत नाहीत. हेडक्लार्कांना दोन्ही पटलं. त्यांना सगळंच पटत होतं. आनंदाच्या भरात माणसाचं असंच होतं.

आता पेंटरची ओळख करून द्यायला हवी. पेंटर कामाला चोख होता, पण त्याच्या तोंडात एक पालुपद होतं. तो काहीही ठरवत नसे, सगळं धरत असे. "सोमवारी सुरू धरा." "दोन हात धरा." "साहेब, मग रंग काय धरू?" भिंती खरवडून, लांबी भरून, सामान मधोमध ओढून त्यावर चादरी टाकून झाल्या, किल्ली त्याच्याकडे दिली गेली, आणि रोज त्याचा एकच प्रश्न येऊ लागला. काय धरू?

"दोन दिवसांत सांगतो," हेडक्लार्क म्हणत. मग शितावरून भाताची परीक्षा करावी म्हणून त्यांनी छोट्या छोट्या डब्या आणल्या आणि भिंतीवर चौकोन रंगवायला सुरुवात केली. एक चौकोन सकाळच्या उजेडात बघायचा, एक ट्यूबलाइटमध्ये. एक उभं राहून, एक आडवं पडून. होता होता भिंतीला नायटा झाल्यासारखं दिसू लागलं. बाई शाळेतून येत, चौकोनांकडे बघत, ओठ घट्ट मिटत आणि पेपर तपासायला बसत. दिलेला शब्द पाळणं त्यांना किती जड जात होतं ते त्यांच्या लाल पेनावरून कळत होतं. त्या आठवड्यात अख्खा वर्ग भूगोलात नापास झाला.

"हा कसा वाटतो गं?" हेडक्लार्क विचारत.

"तुम्ही ठरवा."

"नाही, पण साधारण?"

"साधारणही तुम्हीच ठरवा."

इथवर सगळं बरं चाललं होतं. घोड्यानं पेंड खाल्ली ती शेजारच्या वहिनींपाशी. वहिनींचं ब्युटी पार्लर होतं. साखर मागायला म्हणून त्या आल्या आणि चौकोन बघून साखर विसरल्या. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला, मान तिरकी केली आणि म्हणाल्या, "भिंतीचासुद्धा स्किनटोन असतो हो. तो ओळखता आला पाहिजे."

हेडक्लार्क थक्क झाले. इतक्या दिवसांत कुणी त्यांच्याशी इतकं खोल बोललं नव्हतं. वहिनी गेल्यावर ते त्याच तंद्रीत येरझाऱ्या घालू लागले. बाई टेबलापाशी पेपर तपासत होत्या, छकुली मोजे शोधत होती.

"काय नजर आहे वहिनींची," हेडक्लार्क म्हणाले. "रंगाचं असं ज्ञान असलेलं माणूस घरात पाहिजे होतं."

छकुलीनं डोळे मिटून घेतले. बाईंनी लाल पेनाला टोपण लावलं. ते टोपण लागल्याचा जो टक असा आवाज झाला, तो हेडक्लार्कांच्या कानात कितीतरी वेळ राहिला.

बाईंनी अबोला धरला.

हा साधासुधा अबोला नव्हे. बाई वर्गातसुद्धा कधी ओरडत नसत. त्या नुसत्या गप्प व्हायच्या, आणि शेवटच्या बाकावरची दांडगी मुलं आपण होऊन अंगठे धरून उभी राहायची. घरात सगळा कारभार छकुलीमार्फत सुरू झाला. "छकुली, बाबांना सांग, टॉवेल वाळत टाकलाय." हेडक्लार्क त्याच टॉवेलाला टेकून उभे असत. "छकुली, आईला सांग, मला तसं म्हणायचं नव्हतं." छकुली सांगे. "छकुली, बाबांना विचार, मग कसं म्हणायचं होतं." यावर हेडक्लार्क शेड कार्डात तोंड खुपसत, कारण त्यांना तसंच म्हणायचं होतं.

रंगाचं तर आता अवघडच झालं. पूर्वी चूक झाली असती तर फक्त चमचा गेला असता. आता चूक झाली तर वहिनींच्या सल्ल्यानं झाली असं होणार, आणि बरोबर आलं तरी वहिनींच्या सल्ल्यानंच आलं असं होणार. हेडक्लार्कांनी वहिनींना आवडलेले चौकोन आधी बाद केले. उरलेले त्यांना स्वतःलाच आवडत नव्हते.

अशात एका सकाळी बाई शाळेत गेलेल्या, हेडक्लार्क आंघोळीला गेलेले, आणि टेबलावरचा त्यांचा फोन वाजू लागला. कॉलेजला निघालेल्या छकुलीनं तो उचलला. पलीकडे पेंटर होता. तो दुसऱ्या कुठल्या घरी काम करत होता आणि मागे घासायचं मशीन घर्र घर्र करत होतं.

"साहेब आहेत का?"

"बाबा आंघोळीला गेलेत."

"मग तुम्हीच सांगा ताई. साहेबांचं काही खरं नाही. बाईंनी काय धरलंय?"

"आईनं ना? आईनं तर अबोला धरलाय, काका."

"काय? अबोली?"

"हो ना. परवापासून."

"परवापासून? मग मला सांगायचं नाही का? सगळीकडे तेच?"

"सगळीकडे. हॉलमध्ये तेच, स्वयंपाकघरात तेच."

"मी आत्ता हॉलपुरतंच धरतो. साहेबांना मान्य आहे ना?"

"मान्य नसून सांगतात कुणाला?"

"तेही खरंच. बरं, हलका की भारी?"

"भारी," छकुली म्हणाली. "इतका भारी यापूर्वी कधी नव्हता."

"मग टिकेल चांगला."

"आम्हाला तीच तर भीती वाटतेय, काका."

रंग टिकेल म्हणून घाबरणारं घर पेंटरनं प्रथमच पाहिलं. पण त्याच्या धंद्यात तऱ्हेतऱ्हेची माणसं भेटतात, त्यामुळे त्यानं ते मनावर घेतलं नाही. "धरलं," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

हेडक्लार्क डोकं पुसत बाहेर आले तेव्हा छकुली चप्पल घालत होती. "पेंटरकाकांचा फोन होता," ती म्हणाली. "आईची चौकशी करत होते. फार प्रेमळ आहेत हो."

"भला माणूस आहे," हेडक्लार्क म्हणाले, आणि आता हा पुन्हा 'काय धरू' विचारायच्या आत ऑफिस गाठावं म्हणून घाईघाईनं निघाले.

संध्याकाळी त्यांनी दार उघडलं आणि आपण दुसऱ्याच्या घरात शिरलो असं वाटून ते माफी मागून बाहेर आले. बाहेर येऊन त्यांनी दारावरची पाटी वाचली. नाव त्यांचंच होतं. ते पुन्हा आत गेले. चारी भिंती अबोली झाल्या होत्या. धड केशरी नाही, धड गुलाबी नाही, असा तो रंग ओल्या वासासकट घरभर दाटला होता. त्यांचे चौकोन, सकाळच्या उजेडातले आणि ट्यूबलाइटमधले, सगळे त्याखाली गडप झाले होते.

हेडक्लार्क मटकन चादरीवर बसले. मग त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हे हिचं काम. तोंड घालणार नाही म्हणाली आणि गुपचूप पेंटरला गाठून आपल्याला हवं तेच केलं. त्यांना मनापासून वाईट वाटलं आणि त्या वाइटाचा हळूहळू संताप झाला. आयुष्यात एक भिंत मिळाली होती, तीही काढून घेतली. ते उठले, शर्टाची बाही सारखी केली आणि बाई आल्या की म्हणायचं वाक्य पाठ करू लागले. 'हा विश्वासघात आहे.' छोटं, पण वजनदार होतं.

कुलूप नसलेलं बघून बाईंनी दार ढकललं. खांद्यावरची पिशवी तशीच ठेवून त्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या. त्यांनी डावीकडची भिंत पाहिली, उजवीकडची पाहिली. हेडक्लार्कांनी तोंड उघडलं.

"हा वि..."

"अबोली," बाई म्हणाल्या. अबोला धरल्यापासून पहिल्यांदाच त्या थेट हेडक्लार्कांशी बोलल्या होत्या. "निवडलात शेवटी."

हेडक्लार्कांचं वाक्य तोंडात अर्धंच होतं. त्याचं काहीतरी करणं भाग होतं.

"हा वि... विचार बरेच दिवस डोक्यात होता," ते म्हणाले.

"धीट आहे," बाई म्हणाल्या. थोडं थांबून त्यांनी, "चांगला आहे," असंही म्हटलं. मग त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, "चहा घेणार ना?"

कुणी धरला, कसा लागला, हे हेडक्लार्कांनी पेंटरला विचारलं नाही. वाढून आलेल्या ताटाची चौकशी करायची नसते. अबोला सुटला होता, चहा समोर होता आणि भिंत त्यांच्या नावावर जमा झाली होती. छकुली आली, "अय्या, बाबा, हा तुम्ही निवडलात?" म्हणाली, आणि "मग कुणी?" असं म्हणून ते आयत्या बिळावर नागोबा होऊन बसले ते बसलेच.

मग काय विचारता. ऑफिसात त्यांची व्याख्यानं सुरू झाली. "रंग निवडायचा नसतो," ते कॅशिअरला सांगत. "शेड कार्ड वगैरे सगळं नवशिक्यांसाठी. रंग आतून यावा लागतो." तक्रारवाल्या गृहस्थांना त्यांनी पाणी सोडलं आणि वर पाऊण तास अबोलीबद्दल ऐकवलं. गृहस्थ पुन्हा कधी तक्रार घेऊन आले नाहीत.

घरातही बाईंना रंग आवडला होता, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. बाई एक शब्द वावगा बोलत नव्हत्या. फक्त, आतल्या खोलीतलं मोठं कपाट एक दिवस हॉलच्या लांब भिंतीला येऊन लागलं. मग बाईंनी शाळेतून जगाचा जुना नकाशा आणला आणि समोरच्या भिंतीवर टांगला. खिडकीचे पडदे इतके रुंद आले की खिडकी संपल्यावरही ते बरेच पुढे जात राहिले. एका कोपऱ्यात छकुलीची सायकल येऊन टेकली. "वा, रंग कसा खुलतोय," हेडक्लार्क कपाटाकडे बघत म्हणत.

शेवटी न राहवून त्यांनी कॅशिअरला आणि शेजारच्या वहिनींना रंग बघायला चहाला बोलावलं. (वहिनींना बाईंच्या परवानगीनं. एवढं शहाणपण आता आलं होतं.) पाहुणे आले आणि रंग कुठे आहे ते शोधू लागले. आफ्रिका आणि कपाट यांच्या मधे एक बरीशी पट्टी मोकळी होती. हेडक्लार्क त्या पट्टीशेजारी उभे राहिले.

"बघा," ते म्हणाले, "लोक मला विचारतात, कसं सुचलं?"

तेवढ्यात पेंटर आला. खिडकीच्या गजांना ऑइलपेंटचा एक हात मारायचा राहिला होता, तो मारायला. हेडक्लार्कांनी डोळ्यांनी त्याला गजांकडे जायची खूण केली. पण पेंटर कौतुक चालू असलेल्या खोलीतून हलणारा माणूस नव्हता.

"काय हो," कॅशिअरनं त्याला विचारलं, "साहेबांनी हा रंग एका झटक्यात सांगितला म्हणे?"

"साहेबांनी?" पेंटर म्हणाला. "साहेब मला नुसते दोन दिवस, दोन दिवस करत होते. हा बाईंनी धरला."

"मी?" बाई म्हणाल्या. "मी कधी धरला?"

"असं काय करता? साहेब आंघोळीला गेले होते तेव्हा ताईंनी फोनवर सांगितलं ना मला. आईनं अबोली धरलीय, परवापासून धरलीय, भारीतली धरलीय, सगळीकडे तीच धरलीय."

सगळ्यांनी छकुलीकडे पाहिलं. छकुली पेंटरकडे बघत होती आणि तिचं तोंड हळूहळू उघडत गेलं.

"काका," ती म्हणाली, "मी अबोला म्हटलं होतं. आईनं अबोला धरलाय."

मग आधी वहिनींच्या कपातला चहा हिंदकळला. त्यांनी कप खाली ठेवला आणि पदर तोंडाला लावला. पेंटर एकेक बोट मुडपत मनाशी सगळं संभाषण आठवत होता आणि 'टिकेल चांगला'पाशी आल्यावर त्यालाही आपल्या शिडीला धरून उभं राहावं लागलं.

"आत्ता कळलं," कॅशिअर डोळे पुसत म्हणाले. "रंग आतून आला ना साहेब, तेव्हा तुम्ही बाथरूमच्या आत होतात."

उद्या ऑफिसात काय होणार ते हेडक्लार्कांना तिथेच दिसलं. ते हसण्याचा प्रयत्न करत होते, पण जमत नव्हतं. पाहुणे जिना उतरून गेले तरी त्यांचं हसणं वर येत राहिलं. हेडक्लार्क खुर्चीत बसले. त्यांना फार वाईट वाटत होतं. इतक्या वर्षांत एक गोष्ट निवडायला मिळाली, ती त्यांनी निवडली नाहीच, वर निवडली म्हणून मिरवले. बाईंकडे मान वर करून बघायची त्यांची हिंमत होईना.

बाई मात्र त्यांच्याचकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कसल्याशा आशेनं त्या पुढे आल्या.

"म्हणजे तुम्ही नाही निवडलात?"

"नाही."

"खरं सांगा. दुकानात जाऊन काही सुचवलंत वगैरे?"

"नाही गं. मला वाटलं तूच गुपचूप सांगितलंस."

"वहिनींनी सांगितलेला पण नाही?"

"नाही म्हटलं ना. कुणीच नाही निवडला. नुसती बोलाफुलाला गाठ पडली." हेडक्लार्कांचा आवाज अगदी खोल गेला. "काढून टाक पाहिजे तर. आणि चमचासुद्धा मी पुन्हा मागणार नाही."

बाईंनी मोठा सुस्कारा सोडला. मग त्यांनी पदर खोचला आणि पेंटरला हाक मारली. "जरा या कपाटाला हात लावा. छकुली, ती सायकल आधी बाहेर काढ."

पेंटरनं आणि छकुलीनं कपाट आतल्या खोलीत ढकललं. बाईंनी खुर्चीवर चढून जगाचा नकाशा उतरवला, गुंडाळला आणि कोपऱ्यात ठेवला. पडदे दोन्ही बाजूंना सारले. संध्याकाळचं ऊन थेट आत आलं आणि चारी भिंती एकदम उजळल्या. हेडक्लार्क खुर्चीत उठून बसले.

"अगं, हे काय चालवलंयस?"

बाई हॉलच्या मधोमध उभ्या राहून डोळे भरून भिंती बघत होत्या.

"किती सुरेख रंग आहे हो," त्या म्हणाल्या. "मला तर पहिल्याच दिवशी आवडला होता. पण तुम्ही निवडलाय म्हटल्यावर माझा माझ्याच डोळ्यांवर विश्वास बसेना."